मंद प्रकाशाचा इतिहास : वातीपासून डायोडपर्यंत



या शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी आपली उमेदीची वर्षे वेचली, त्या गुरुजींच्या स्मरणार्थ चाललेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. इतिहास म्हटला की आपल्या बेळगावकडे किल्ले, लढाया आणि संस्थाने यांची आठवण प्रथम होते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि घरातल्या साध्या वस्तूंनाही इतिहास असतो. दिवाळीच्या आधी आठ दिवस या शाळेतील कित्येक मुले आकाशकंदिलात चिमुकले एल.ई.डी. दिवे स्वतः जोडू लागतात. कोणाचे दिवे चांगले लागतात, कोणाचे क्षणात जळून जातात, आणि ज्यांचे लागतात त्यांतील चौकस मुले लगेच विचारतात, ‘याचा उजेड कमी कसा करायचा?’ या प्रश्नामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज आपल्यापुढे थोडक्यात मांडण्याचा माझा विचार आहे.

१. वातीचा काळ

समईची वात सारली की ज्योत वाढते, कंदिलाची कळ उलटी फिरवली की वात खाली जाते आणि उजेड मंद होतो. तेलाच्या दिव्यात इंधन किती जळू द्यायचे हे माणसाच्या बोटांच्या हाती होते. उजेड आणि त्यासाठी होणारा खर्च यांचे नाते तिथे सरळ होते. युरोपातील नाट्यगृहांत एकोणिसाव्या शतकात कोळशाचा गॅस आला, तेव्हाही तत्त्व तेच राहिले. रंगमंचाच्या एका बाजूला अनेक नळ्यांच्या चाव्या एकत्र बसवलेल्या असत. तिथला माणूस चावी फिरवी आणि सगळ्या रंगमंचावर संध्याकाळ उतरे.

पण ही उघडी ज्योत होती. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला लागलेल्या आगीत शेकडो प्रेक्षक मरण पावले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात रंगमंचावरही विजेचे दिवे लागले. प्रेक्षागृहात ते ऑक्टोबरपासूनच होते. एकूण सुमारे १२०० दिवे जोसेफ स्वान यांच्या पद्धतीचे होते. नाट्यगृहाचे मालक रिचर्ड डॉइली कार्ट यांनी प्रेक्षकांसमोर एक पेटता दिवा मलमलीच्या कापडात गुंडाळून फोडून दाखवला. कापडाला आच लागली नाही. व्हिएन्नाची बातमी ताजी असताना त्या प्रात्यक्षिकाचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२. तापलेल्या तारेचे स्वभावगुण

विजेचा दिवा आला, पण वात गेली. मग उजेड मंद कसा करावा? पहिले उत्तर सोपे होते. दिव्याच्या मार्गात लांब तारेचा रोधक घालायचा. कुठे खाऱ्या पाण्याच्या रांजणात धातूचा पत्रा वरखाली करून हेच साधले जाई. रोध वाढला की प्रवाह घटे आणि दिवा मंदावे. पण जी शक्ती दिव्यात जात नसे ती रोधकात उष्णता होऊन वाया जाई. १९३० नंतरच्या दशकात फिरत्या सरकत्या टोकाची स्वयंरोहित्रे प्रचारात आली आणि हा अपव्यय पुष्कळ कमी झाला. मात्र ती जड आणि महाग होती.

खरा पालट अर्धवाहकांनी घडवला. १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर हे साधन तयार झाले. इशारा मिळेपर्यंत ते वीज अडवते आणि एकदा उघडले की प्रवाह शून्यावर येईपर्यंत उघडेच राहते. आपल्याकडील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजे १०० वेळा शून्यावर येतो. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात थायरिस्टर किती उशिरा उघडायचा एवढे ठरवले की दिव्याला मिळणारी शक्ती ठरते. याच मार्गाने जोएल स्पिरा यांनी १९५९ मध्ये भिंतीतल्या बटणाच्या पेटीत मावेल असा डिमर बनवला आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन ही कंपनी काढली. नाट्यगृहातली सोय अशा रीतीने दिवाणखान्यात आली.

हे सारे तापलेल्या तारेला मानवत होते, याचे कारण तिचा मंदपणा. वीज सेकंदाला शंभर वेळा तुटली तरी तार तेवढ्यात निवत नाही, म्हणून डोळ्याला खंड जाणवत नाही. दुसरा गुण असा की विभवांतर निम्मे केले तर उजेड निम्मा न राहता सुमारे दहावा हिस्सा उरतो, आणि रंग तांबूस होतो. सांजवेळेसारखा तो तांबूसपणा लोकांना आवडला. मंद प्रकाश म्हणजे तांबूस प्रकाश, अशी शंभर वर्षांची सवय डोळ्यांना लागली.

३. दगडातला उजेड

एल.ई.डी.ची कथा मात्र दिव्यांच्या कारखान्यात सुरू होत नाही. तिचा उगम बिनतारी संदेशाच्या प्रयोगशाळेत आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युत्चुंबकीय लहरी टिपणारे साधन केले होते. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहक साधनांच्या अगदी आरंभीच्या पेटंटांत त्याची गणना होते. पुढे अनेकांनी निरनिराळे स्फटिक पारखायला सुरुवात केली. त्यांत कार्बोरंडम हाही होता. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये कृत्रिम रीतीने तयार केलेला हा पदार्थ आपल्याला धार लावायच्या दगडात आणि पॉलिश कागदात भेटतो.

मार्कोनी कंपनीतील हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये या कार्बोरंडमला दोन टोके टेकवून वीज दिली, तेव्हा स्फटिकातून पिवळसर उजेड निघाला. दहा व्होल्टवर उजळणारे नमुने क्वचित सापडले. ११० व्होल्टवर मात्र पुष्कळ उजळले. राउंड यांनी एका मासिकाला लहानसे टिपण धाडले आणि ते आपल्या मूळ कामाकडे वळले. टिपण छापले गेले, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

हाच उजेड रशियातील एका तरुणाने पुन्हा पाहिला, आणि त्याने मात्र तो सोडला नाही. ओलेग लोसेव्ह यांचा जन्म १९०३ मध्ये त्वेर येथे झाला. त्यांचे औपचारिक उच्च शिक्षण झालेले नव्हते. निझ्नी नोव्हगोरोद येथील रेडिओ प्रयोगशाळेत ते अगदी खालच्या हुद्द्यावरून कामाला लागले. १९२७ मध्ये त्यांनी या उजेडावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे प्रयोग आजही शाळेत सांगावेत इतके स्वच्छ आहेत. उजेड उष्णतेमुळे येतो की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी स्फटिकावर बेंझिनचा थेंब ठेवला. स्फटिक उजळत असतानाही थेंब नेहमीच्याच गतीने उडून गेला. अर्थात उजेड थंड होता. मग हा उजेड किती वेगाने चालू-बंद होतो, हे त्यांनी फिरत्या आरशातून पाहिले. वीज तुटताच उजेड तुटे, मागे काही रेंगाळत नसे. त्यावरून त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने तार व दूरध्वनीचे संदेश पाठवण्याची कल्पना मांडली आणि तिचे पेटंट घेतले. आइन्स्टाइन यांच्या प्रकाश-पुंजाच्या सिद्धांताशी या उजेडाचे नातेही त्यांनी ओळखले होते.

१९३८ मध्ये त्यांच्या निबंधांचा विचार करून प्रबंधाविनाच त्यांना पदवी देण्यात आली. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात ते उपासमारीने मरण पावले. त्या वेळी त्यांचे वय ३८ होते. तो उजेड तातडीने कोणी पुढे नेला नाही. अर्धवाहकाचे शास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. पण तापलेली तार जिथे मंद होती तिथे हा स्फटिक चपळ आहे, हे त्यांनी आरशात पाहिलेले सत्य पुढच्या साऱ्या कथेचे मर्म आहे.

४. तांबड्यापासून निळ्यापर्यंत

डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचा पहिला उपयुक्त डायोड ऑक्टोबर १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या सिरॅक्यूज येथील प्रयोगशाळेत केला. ते एका स्थलांतरित खाणकामगाराचे पुत्र आणि जॉन बार्डीन यांचे पहिले विद्यार्थी. गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या मिश्र स्फटिकातून तांबडा उजेड निघाला. १९६८ मध्ये मोन्सॅन्टो कंपनीने असे डायोड मोठ्या प्रमाणावर बनवण्यास आरंभ केला. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या एच.पी.–३५ या गणकयंत्रावरचे आकडे याच तांबड्या ठिपक्यांचे होते. त्याच वर्षी होलोन्याक यांचे शिष्य जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा डायोड केला.

निळा मात्र हाती येईना. त्यासाठी गॅलियम नायट्राइडचा स्फटिक हवा, पण तो वाढवायला त्याच्याशी जुळेल असा आधार मिळत नव्हता. शिवाय डायोडला लागणारा धन प्रकारचा थर त्यात तयार होत नव्हता. नागोया येथे इसामु अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये नीलमण्याच्या चकतीवर प्रथम ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन चांगला स्फटिक वाढवला आणि १९८९ मध्ये तो धन थरही साधला. तोकुशिमा प्रांतातील निचिया या तुलनेने लहान कंपनीत शुजी नाकामुरा यांनी वेगळ्या पद्धतीने तीच वाट चालून १९९३ च्या अखेरीस झगझगीत निळा डायोड जगापुढे ठेवला. १९९६ मध्ये निळ्या डायोडवर पिवळे प्रस्फुरक द्रव्य चढवून पांढरा दिवा तयार झाला. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. दिवे वाटले गेले. तारेचा दिवा एका वॅटमागे दहा-पंधरा ल्यूमेन उजेड देई, हे दिवे सुमारे शंभर देतात. कंदिलापासून एवढा मोठा पल्ला एका पिढीच्या डोळ्यांदेखत पार पडला.

५. घरी जोडताना

आता मुलांच्या आकाशकंदिलाकडे वळू. दिवा जळून का जातो? तारेच्या दिव्यात विभवांतर थोडे वाढले तर तार अधिक तापते, तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःला सावरते. डायोडचा स्वभाव उलट आहे. ठरावीक विभवांतरापर्यंत तो जवळजवळ काहीच वीज घेत नाही, आणि त्यापुढे एक दशांश व्होल्टची वाढसुद्धा प्रवाह कितीतरी पट वाढवते. तापला की त्याला लागणारे विभवांतर अंशागणिक सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते, म्हणून तो आणखी वीज ओढतो आणि आणखी तापतो. थेट बॅटरीला लावलेला डायोड मरतो तो या स्वभावामुळे. त्याला आवर घालण्यासाठी मार्गात रोधक लागतो.

हिशोब सोपा आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, तांबड्या डायोडचे दोन व्होल्ट, उरले सात. प्रवाह २० मिलिॲम्पिअर हवा असेल तर सातला ०.०२ ने भागावे. ३५० ओहम आले. बाजारात ३९० चा रोधक मिळतो, तो घ्यावा. पण याच हिशोबात हेही दिसते की नवातले सात हिस्से रोधकात उष्णता होऊन जातात. म्हणून १२ व्होल्टवर पांढरे तीन डायोड एकामागे एक जोडतात. प्रत्येकी ३.१ प्रमाणे ९.३ व्होल्ट झाले, उरले २.७. १५० ओहमच्या रोधकातून १८ मिलिॲम्पिअर वाहतात आणि अपव्यय पुष्कळ घटतो. बाजारातील चिकटपट्टीच्या दिव्यांवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते, ती याच कारणाने.

मात्र काटकसरीला मर्यादा आहे. तीच माळ मोटारीच्या बॅटरीवर लावली आणि इंजिन चालू असताना विभवांतर १४.४ झाले, तर रोधकावर ५.१ व्होल्ट येतात आणि प्रवाह ३४ मिलिॲम्पिअर होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. रोधकाचा वाटा जितका कमी, तितका त्याचा लगाम सैल. म्हणून मोठ्या दिव्यांत विभवांतर काहीही असो, प्रवाह तेवढाच ठेवणारे मंडल वापरतात. अनेक डायोड समांतर जोडून सर्वांना मिळून एकच रोधक देण्याचा मोहही टाळावा. ज्याचे विभवांतर किंचित कमी तो सगळ्यांचा वाटा गिळतो आणि प्रथम जातो, मग त्याचा भार उरलेल्यांवर पडतो.

६. मंद करण्याची कला

उजेड कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, प्रवाह कमी करणे. तो चालतो, पण अगदी कमी प्रवाहावर निरनिराळे डायोड निरनिराळे उजळतात आणि रंगातही थोडा फरक पडतो. दुसरा मार्ग लोसेव्ह यांच्या आरशातून आलेला आहे. प्रवाह पूर्ण ठेवायचा, पण तो क्षणोक्षणी तोडायचा. सेकंदाच्या हजाराव्या भागात अर्धा वेळ चालू, अर्धा बंद ठेवला, तर डोळ्याला निम्मा उजेड मिळतो.

डोळा असे का मानतो, याचे उत्तर डायोडच्या कितीतरी आधी मिळाले होते. छायाचित्रणाचे एक जनक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३४ मध्ये आणि बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो यांनी १८३५ मध्ये फिरत्या चकत्यांचे प्रयोग करून हा नियम सांगितला : पुरेशा वेगाने तुटणारा उजेड डोळ्याला त्याच्या सरासरीएवढ्याच तेजाच्या अखंड उजेडासारखा दिसतो. पुढे प्लॅटो यांची दृष्टी गेली. त्यांचा नियम मात्र आज प्रत्येक घरातल्या पडद्यावर आणि दिव्यात वापरला जातो.

ही तोडजोड करणारे साधनही स्वस्त झाले. हान्स कामेन्झिंट या स्विस वंशाच्या अभियंत्याने सिग्नेटिक्स कंपनीसाठी ५५५ या क्रमांकाचा कालमापक घटक रचला आणि तो १९७२ मध्ये बाजारात आला. एक धारित्र भरायचे आणि रिकामे करायचे, एवढेच त्याचे काम. भरण्याची वाट आणि रिकामे होण्याची वाट दोन डायोड घालून वेगळी केली व त्यांच्यामध्ये एक फिरता रोधक ठेवला, तर एक वेळ वाढते तेवढीच दुसरी घटते. वारंवारता तीच राहते, चालू-बंदीचे प्रमाण बदलते. त्याच्यापुढे एक ट्रान्झिस्टर जोडला की विद्यार्थ्याचा डिमर तयार झाला.

तरीही तो करणाऱ्याला एक कोडे पडते. खुंटी सारखी फिरवली तरी उजेडाचा सारा चढ पहिल्या पाव फेरीतच होतो, पुढे फारसे काही घडत नाही. दोष मंडलाचा नाही. गुस्टाफ फेख्नर यांनी १८६० च्या आपल्या ग्रंथात मांडले त्याप्रमाणे संवेदना पटीपटीने मोजते. म्हणून पायऱ्या १, २, ४, ८ अशा दुपटीने १२८ पर्यंत ठेवाव्यात. मग आठही पायऱ्या डोळ्याला सारख्या वाटतात.

भिंतीवरच्या जुन्या डिमरवर नवा दिवा का लुकलुकतो, याचेही उत्तर आता देता येईल. तो डिमर तापलेल्या, आळशी तारेसाठी घडवलेला होता. डायोड प्रत्येक तुकडा इमानाने दाखवतो. त्यातून तो इतकी कमी वीज घेतो की थायरिस्टर नीट उघडा राहत नाही. म्हणून डिमरवर चालणारा दिवा मुद्दाम तसा बनवावा लागतो. तुटत्या उजेडाने काहींचे डोके दुखते, डोळे शिणतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने याविषयी शिफारशी केल्या. पूर्णपणे चालू-बंद होणारा उजेड १२५० हर्ट्झच्या वर असला तर धोका कमी, ३००० च्या वर नगण्य, असा त्यांचा आशय आहे. अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा घरी करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

७. समारोप

हा इतिहास आपल्यापुढे मांडण्यामागे माझा एक हेतू आहे. समईची वात कोणालाही सारता येत असे, कंदील कोणालाही पुसता येत असे. आजचा दिवा सर्वांत गुणी आहे, पण तो बंद डबीत येतो. तो विझला तर बहुधा डायोड शाबूत असतात आणि उष्णतेने शिणलेला एखादा धारित्र गेलेला असतो, किंवा माळेतील एकच डायोड तुटून बाकीच्यांची वाट अडवतो. आपण मात्र सगळा दिवा टाकून देतो. हाती असलेल्या वस्तूविषयी इतके अनभिज्ञ असणे मला धोक्याचे वाटते, कारण जे कळत नाही त्याची एक तर भीती वाटते, नाही तर त्याच्याविषयी बेफिकिरी येते. बेफिकिरीचे उदाहरण द्यायचे तर, पुष्कळ स्वस्त दिव्यांच्या आतील मंडल २३० व्होल्टच्या घरगुती विजेपासून अलग केलेले नसते. उघडलेल्या दिव्याला स्पर्श म्हणजे प्रत्यक्ष विजेला स्पर्श. म्हणून मुलांनी जे करायचे ते सेलवर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवरच करावे.

या गावाला हाताने शिकण्याची परंपरा आहे. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ इथे एका सायकलच्या दुकानाने झाला, आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले तेव्हा चारा कापण्याच्या यंत्रांचा आणि नांगरांचा अनुभव त्यांनी इथूनच सोबत नेला. लोसेव्ह यांच्याजवळही आरंभी पदवी नव्हती. एक स्फटिक, एक सुई, बेंझिनचा थेंब आणि फिरता आरसा होता, आणि तो वापरू देणारी एक प्रयोगशाळा होती. यांतील शेवटची गोष्ट कोणत्याही मुलाला एकट्याने मिळवता येत नाही. ती त्याला संस्थेनेच द्यावी लागते.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की ज्या गुरुजींच्या नावाने आपण आज जमलो त्यांच्या प्रयोगशाळेत रोधक, धारित्रे, डायोड, ५५५ चे घटक आणि दोन-चार डाखण्या यांचे एक कपाट असावे, आणि शनिवारी दुपारी ते मुलांसाठी उघडे असावे. खर्च फार नाही. दिवे काही जळतील, बोटे क्वचित चटके खातील. त्यातून एखादे मूल असे विचारील की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही. ते उत्तर शोधायला त्याला जागा मिळाली, तर या व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे मी मानीन.